कोळशाच्या खाणीला एवढे बॉयलर कशाला?

ऐरोलीकर | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात मुलाकडे जर्मनीला होतो. त्याने एका रविवारी एसेनला नेलं. तिथे त्सोलफेराईन नावाची कोळशाची खाण आहे. १९८६ च्या डिसेंबरात ती बंद पडली आणि २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मला वाटलं डोक्यावर दिवा लावून खाली उतरवतील. तसलं काही नाही. पण वरच्या बॉयलर घरात शिरलो आणि तिथून पाय निघेना. नॉर्मन फॉस्टर या वास्तुविशारदाने १९९७ मध्ये तिथे डिझाइनचं संग्रहालय बसवलंय. गंजकी पोलादी धूडं, पाइपांची जाळी, भट्टीची तोंडं, सगळं जागच्या जागी, आणि त्यांच्या मधे नवीकोरी खुर्ची, नळ, मिक्सर. मुलगा खुर्च्यांचे फोटो काढत होता, मी गेजचे.

कारण आमचे अण्णा. ठाण्यातल्या एका गिरणीत १९६४ पासून २९ वर्षं बॉयलरवर होते. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐरोलीला माझ्याकडेच असतात. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून एकच विचारलं, "खाणीवर एवढे बॉयलर कशाला लागतात रे? तिथून तर कोळसा आमच्याकडे यायचा." मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न दोन. एक, अण्णांचा. दुसरा माझा: ठाणे, वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, इथे जुनं, कोळशावरचं बॉयलर घर कुणी उभं पाहिलंय का? निदान धुराडं?

-----

निवांत_नाना | रात्री ९:५८

वा, वेगळा विषय. चहा घेऊन बसलो आहे.

-----

तिखटमीठ | रात्री १०:०५

हलवायाच्या घरी पेढ्याला काय तोटा? कोळसा फुकट, मग लावा बॉयलर. झालं उत्तर. :)

-----

यंत्रदादा | रात्री ११:२०

तिखटमीठ, चेष्टेत लिहिलंत, पण नेमकं तेच खरं आहे. जरा विस्ताराने लिहितो.

वाफेचं इंजिन जन्मलंच मुळी कोळशाच्या खाणीवर, तेही पाणी उपसायला. १७१२ मध्ये इंग्लंडात डडलीजवळ न्यूकोमेनने पहिलं पंपाचं इंजिन उभं केलं. ते इतकं खादाड होतं की दुसऱ्या कुठल्याही धंद्याला परवडलं नसतं. खाणीवर मात्र चाळणीखाली पडणारा चुरा विकलाच जात नसे. तोच भट्टीत ढकलायचा. हलवाई तुटके पेढे घरी खातो तसं. कॉर्नवॉलला कथिल आणि तांब्याच्या खाणी होत्या, तिथे कोळसा जहाजाने यायचा, प्रत्येक टोपलीचे पैसे पडायचे. म्हणून कोळसा वाचवणाऱ्या सुधारणांचं कौतुक झालं ते तिकडे. वॉटची इंजिनं तिथे खपली, आणि ट्रेव्हिथिकने १८१२ च्या सुमाराला एका नळीचा कॉर्निश बॉयलर केला तोही तिथेच.

आता पाण्याशिवाय बाकीची कामं. माणसं आणि कोळसा वर-खाली नेणारं वाइंडिंग इंजिन, खाणीतली हवा खेळती ठेवणारा प्रचंड पंखा, खालच्या यंत्रांना दाबलेली हवा पुरवणारे कॉम्प्रेसर, पुढे विजेचं जनित्र. खाली मिथेन असतो, म्हणून आग सगळी वर ठेवायची आणि खाली पाठवायची ती हवा किंवा वीज. तुम्ही एसेनला पाहिलंत त्या बॉयलरांची वाफ मुख्यतः कॉम्प्रेसरसाठी होती. शेजारच्या कॉम्प्रेसरच्या दालनात आता हॉटेल आहे, बहुतेक जेवलाही असाल.

लँकेशायरमधल्या अ‍ॅस्टली ग्रीन खाणीवर असे सोळा बॉयलर होते. सोळा!

-----

ऐरोलीकर | रात्री ११:४१

जेवलो नाही, दर पाहून बाहेर आलो आणि डब्यातले ठेपले खाल्ले.

यंत्रदादा, दंडवत. उद्या सकाळी अण्णांना वाचून दाखवतो.

-----

कोपरी_पूर्व | रविवार, सकाळी ७:१५

लेख चांगला, पण गळा काढू नका. मी सत्तरच्या दशकात ठाण्यातच एका कारखान्यात बॉयलर घराला लागून असलेल्या खात्यात होतो. मे महिन्यात तिथे उभं राहून बघा मग वारसा वगैरे सुचतं का. फायरमन लोक अर्ध्या चड्डीवर, गळ्यात ओला पंचा, फावड्याने कोळसा मारतायत. राखेचे खंगर काढताना तोंडावर येणारा झोत. खोकल्याची उबळ आली की काळं पडायचं. बंद झालं ते बरं झालं. भंगारवाल्याला दुवा द्या.

-----

बंबवाली | सकाळी ८:३०

मला यंत्रातलं शून्य कळतं. पण ऐरोलीकर, तुमचा धागा वाचून आमच्या आजोळचा बंब आठवला! तांब्याचा, पोटातून नळी, नळीत खाली विस्तव, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की तोटीतून गरम बाहेर. बॉयलर म्हणजे हेच ना मोठं करून?

-----

यंत्रदादा | सकाळी ९:०२

बंबवालीताई, शंभर टक्के हेच. बंब आडवा करा, तीस फूट लांब आणि आठ फूट व्यासाचा करा, एका नळीऐवजी दोन नळ्या घाला आणि दोन्ही टोकं रिव्हेट मारून बंद करा. झाला लँकेशायर बॉयलर. मँचेस्टरच्या फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

नळ्या दोन का, ते ऐका. प्रत्येक नळीच्या तोंडाशी एकेक भट्टी. ताजा कोळसा टाकला की तो आधी धूर सोडतो. म्हणून दोन्ही भट्ट्यांत एकदम कोळसा टाकायचा नाही, आळीपाळीने टाकायचा. एकीकडे धूर, तर दुसरीकडे लालबुंद निखारा. मागे दोन्हींचा झोत एकत्र आला की धूरही जळून जातो. जाळ मग मागून खाली वळतो, विटांच्या बोगद्यातून बॉयलरच्या पोटाखालून पुढे येतो, दोन्ही कुशींनी पुन्हा मागे जातो आणि तिथून धुराड्यात.

फरक एकच. बंब उघडा असतो, वाफ धरत नाही. म्हणून तो फुटत नाही.

-----

बंबवाली | सकाळी ९:२०

फुटत नसेल, पण आजी आम्हाला बंबाजवळ फिरकू द्यायची नाही. "आधी पाणी, मग विस्तव" हा तिचा कायदा. मामाने एकदा रिकाम्या बंबात विस्तव घातला तर नळीचा टाकाच सुटला. कल्हईवाल्याने की तांबटाने नीट केला ते आठवत नाही, पण मामाला आठवडाभर गार पाण्याची अंघोळ होती.

-----

राखुंडी | सकाळी १०:१०

आणि बंबातल्या राखेने भांडी. आमच्याकडे गोवऱ्यांची राख दातालाही. आयडी उगाच नाही घेतला.

-----

तिखटमीठ | सकाळी १०:१४

राखुंडी, दात शिल्लक आहेत का?

-----

राखुंडी | सकाळी १०:३१

सत्तावीस. सगळे स्वतःचे. तुमचे मोजून कळवा.

-----

महापे_शिफ्ट_बी | दुपारी १:४५

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी सध्या महापेला एका कंपनीत बॉयलर अटेंडंट आहे. फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट. आमचा बॉयलर गॅसवर, तासाला तीन टन वाफेचा. एका ट्रकवर मावेल एवढा, आणि रंग बघाल तर शोरूममधली गाडी. बंबवालीताईंच्या आजीचा कायदा आमच्याकडे अजून चालू आहे, फक्त वायरिंगने. पाणी खाली गेलं की मोब्रे, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच, बर्नर तोडतो. त्याच्याही खाली गेलं तर दुसरी ट्रिप. ज्योत विझली तर फोटोसेल गॅस बंद करतो. तरी मी प्रत्येक पाळीला गेजग्लास, म्हणजे पातळी दाखवणारी काचेची नळी, ब्लो करून (झोत सोडून साफ करून) बघतोच. काचेत दिसणारं पाणी खरं आहे की खालची वाट गाळाने तुंबून जुनंच पाणी उभं आहे, हे ब्लो केल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे नवीन पोरगं आलं होतं, डिप्लोमावालं, म्हणालं, "स्क्रीनवर लेव्हल दिसते की." त्याला म्हटलं, स्क्रीन तुझी, गेजग्लास माझा.

जुन्या बॉयलरला मोब्रे नव्हता. त्यांच्याकडे नळीच्या माथ्यावर शिशाची गुडदी असायची. फ्युजिबल प्लग. पाणी उतरून नळीचा माथा उघडा पडला की शिसं वितळतं आणि पाणी-वाफ थेट भट्टीत. आग मंदावते आणि आवाजाने सगळ्यांना कळतं. म्हणजे ताईंच्या मामाचा सुटलेला टाकाच, फक्त मुद्दाम बसवलेला.

-----

वकिलीण_बाई | दुपारी ३:००

डोंबिवलीला २०२४ च्या मे महिन्यात झाला तो स्फोट बॉयलरचाच ना? आमच्या नातेवाइकांच्या खिडक्यांची तावदानं गेली.

-----

महापे_शिफ्ट_बी | दुपारी ३:२२

नाही! पहिल्या दिवशी सगळ्या चॅनेलवर "बॉयलर फुटला". नंतर रिअ‍ॅक्टर निघाला. कुठेही धडाम झालं की नाव आमचं. रिअ‍ॅक्टरमध्ये रसायनाची प्रक्रिया हाताबाहेर जाते, तो वेगळा प्रकार आहे. घरी बायकोचा फोन येतो ना त्या बातमीने.

-----

यंत्रदादा | दुपारी ४:१०

शिफ्ट_बी बरोबर सांगतायत. पण बॉयलर फुटतो तेव्हा काय होतं तेही लोकांना माहीत नसतं. दाबाखालचं पाणी शंभर अंशांना थांबत नाही. दहा किलो दाबाला ते १८० अंशांच्या पुढे असतं. पत्रा फाटला की दाब एका क्षणात जातो, आणि त्या पाण्यातला साधारण सहावा हिस्सा जागच्या जागी वाफ होतो. वाफ पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते. म्हणजे उडवून देतं ते पाणी, आग नव्हे. सगळ्यात वाईट चूक म्हणजे नळीचा माथा तापून लाल झालेला असताना घाबरून गार पाणी सोडणं. तेव्हा आग मारायची, पाण्याला हात लावायचा नाही.

कायदाही अशाच अपघातातून आलाय. १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलर फुटला आणि माणसं गेली, मग १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. सबंध देशाचा कायदा आला १९२३ मध्ये, आणि तो अगदी परवा २०२५ पर्यंत चालला. आता त्याच्या जागी नवा आलाय.

-----

वकिलीण_बाई | दुपारी ४:२५

शंभर वर्षांवर टिकलेला कायदा! आमच्याकडे सोसायटीचे नियम तीन महिने टिकत नाहीत.

-----

चानकवाला | सायंकाळी ६:५०

धागा आज पाहिला. मी घणसोलीत राहतो, पण सत्तावीस वर्षं झारखंडात झरियाच्या कोळसापट्ट्यात सर्व्हेला होतो. तिकडे शाफ्टला 'चानक' म्हणतात आणि पिंजऱ्याला 'डोली'. राष्ट्रीयीकरण १९७३ पर्यंत पुरं झालं, तरी त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या चानकांवर वाफेची वाइंडिंग इंजिनं चालू होती. मी स्वतः त्या डोलीतून उतरलोय. विजेच्या वाइंडरपेक्षा झोका मऊ. इंजिन-खलाशी चांगला असेल तर पोटात गोळा येत नसे.

यंत्रदादांनी 'कशाला' सांगितलं. मी 'एवढे' का ते सांगतो, कारण अण्णांचा प्रश्न खरा तिथे आहे.

गिरणीला वाफ दिवसभर जवळपास सारखी लागते. वाइंडिंगचं तसं नाही. डोली उचलताना पहिल्या काही सेकंदांत इंजिन वाफ गटागटा पितं, मग वेग धरला की कमी, वर थांबली की शून्य. दर दोन-तीन मिनिटांनी हाच खेळ. बारीक नळ्यांचा नव्या जातीचा बॉयलर असला तर त्यात पाणी कमी, मग दाब लगेच वर-खाली नाचतो. लँकेशायरच्या पोटात पाण्याचा हौदच असतो. तो उष्णता साठवून ठेवतो आणि धक्का पोटात घेतो. शिवाय खाणीचं पाणी खराब. कोळशात गंधकाचा दगड असतो, त्याचं पाण्यात आम्ल होतं. असलं पाणी बारीक नळ्यांत घातलं तर संपलंच. लँकेशायरमध्ये माणूस आत शिरून छिन्नीने खपली काढू शकतो. म्हणून वीजघरांनी केव्हाच सोडलेले हे बॉयलर खाणींनी चालवले.

आणि एक-दोन नेहमी थंड. एक धुवायला, एक तपासणीला. पंखा आणि पंप कधीच थांबवता येत नाहीत, खाली माणसं असतात. गिरणीत वाफ गेली तर माग थांबतील. खाणीत वाफ गेली तर काय, ते मला लिहायला आवडत नाही.

-----

निवांत_नाना | सायंकाळी ७:०५

हा प्रतिसाद जपून ठेवला. धन्यवाद, चानकवाले.

-----

कोपरी_पूर्व | सायंकाळी ७:३०

चानकवाले, आत शिरून खपली काढणाऱ्याबद्दल एक ओळ लिहिलीत. त्या माणसाबद्दल दहा लिहा. आमच्याकडे एक जण अजून गरम बॉयलरमध्ये उतरवला होता, कारण मॅनेजरला सोमवारी वाफ हवी होती. पाठ भाजली. नोंद झाली "घरी भाजला" म्हणून. तुमच्या वारशात हे कुठे लावणार? गेजच्या बाजूला?

-----

चानकवाला | रात्री ८:१५

लावायलाच हवं. तुमचा राग बरोबर आहे. माझ्या माहितीतही अशी माणसं आहेत. पण भंगारात घालून ते लक्षात राहतं का? बॉयलर गेला की भाजलेली पाठही कुणाला खरी वाटत नाही.

-----

कोपरी_पूर्व | रात्री ८:४०

हं.

-----

ठाणेदार_नाही_ठाणेकर | रात्री ९:१०

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळणार आहे का? ठाण्याला वाफेचं वावडं नाही हो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती आपल्याकडेच, ओढायला तीन इंजिनं. म्हणजे तीन बॉयलर खाडीकाठी आले होते म्हणा. आणि तेव्हा रेल्वेचा कोळसा विलायतेहून जहाजाने यायचा.

जुनं कोळशाचं बॉयलर घर आता उभं असेल असं वाटत नाही. वागळे इस्टेटमध्ये माझी तीस वर्षं गेली. मी पाहिलेली धुराडी एकेक करून उतरली. आधी फर्नेस ऑइल आलं, मग गॅस, आणि मग कारखानाच गेला. जागेवर टॉवर. आमच्या शेजारच्या कंपनीचा भोंगा मात्र आठवतो. तो वाफेवर वाजायचा. सुरुवातीला घसा खाकरल्यासारखा आवाज, पाइपातलं पाणी बाहेर पडायचं, मग सूर लागायचा. आई त्यावर कुकर लावायची.

-----

राखुंडी | रात्री ९:२२

वाफेच्या आवाजावर वाफ लावायची. मस्त.

-----

महापे_शिफ्ट_बी | रात्री ११:०५

पाळी सुटली, आता लिहितो. रबाळ्याला माझ्या आधीच्या कंपनीत मागच्या कुंपणाला लागून एक भट्टीचं दार पडलेलं होतं. ओतीव लोखंडाचं, त्यावर गोल झडप. बाकी बॉयलर केव्हाच कापून नेलेला. त्या दारावर माळ्याने कुंड्या ठेवल्या होत्या. मला वाटतं अजून असेल. पण आत जायला गेटपास लागतो, आणि "भट्टीचं दार बघायचंय" म्हणून सांगितलं तर वॉचमन मलाच तपासेल.

-----

ऐरोलीकर | सोमवार, सकाळी ६:२०

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी अण्णांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, दोनदा. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो.

चानकवाल्यांना: "बरोबर. आमच्याकडे रंगखात्याने सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की दाब असाच बसायचा. मी त्यांना शिव्या द्यायचो. खाणीत दर दोन मिनिटांनी म्हणजे त्या फायरमनने कुणाला शिव्या द्यायच्या?"

शिफ्ट_बींना: "पोरगा चांगला आहे. ग्लास ब्लो करतो."

कोपरी_पूर्व यांचा प्रतिसाद वाचला तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाही वर केली. कोपराच्या वर एक चट्टा आहे, मी लहानपणापासून बघतोय. आम्हाला नेहमी सांगितलं होतं की बंबाला चिकटून भाजलं. आमच्याकडे बंब कधी नव्हताच, हे काल माझ्या डोक्यात आलं.

ठाणेकर, मी शनिवारीच गिरणीच्या जागेवर जाऊन आलो होतो. काही नाही. पार्किंगचा रॅम्प आहे. अण्णांनी मला फोनवर सांगितलं, "फाटकातून चाळीस पावलं सरळ, मग डावीकडे." चाळीस पावलांवर कपड्यांचं दुकान.

-----

कोपरी_पूर्व | सकाळी ७:४०

अण्णांना माझा नमस्कार सांगा. कुठल्या सालात, कुठल्या पाळीला होते विचारा. कदाचित आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायलोय.

-----

बंबवाली | सकाळी ९:००

एक सुचवू? अण्णा, चानकवाले, कोपरीकाका, शिफ्ट_बी, एवढी मंडळी जमवून कट्टा करूया. ठाण्यात करा म्हणजे सगळ्यांना लोकलने बरं. मिसळ माझ्याकडून. कुणीतरी फोनवर आवाज रेकॉर्ड करा. येत्या रविवारी?

-----

महापे_शिफ्ट_बी | सकाळी ९:१२

रविवार जमेल. +१

-----

तिखटमीठ | सकाळी ९:३०

मिसळीला +१०. दात मोजून येतो.

-----

ऐरोलीकर | सकाळी १०:०५

अण्णांना विचारलं. यायला तयार आहेत, पण रविवार नको म्हणतात. सत्तरीच्या पुढे आठवडाभर सुट्टीच असते म्हटलं, तर म्हणाले, "रविवारी बॉयलर धुवायचा असतो." मग स्वतःच हसले. शनिवारी ठेवूया का?